बारीक घरांचा कागद

वडगावात, गल्लीच्या शेवटच्या दाराआड
मी साडीच्या काठाचे ग्राफ काढतो.
एक घर म्हणजे एक धागा.
रंगवलं तर धागा वर, कोरं ठेवलं तर खाली.
त्यावरून ईरण्णा जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो.
तो घराला मने म्हणतो, मी मनेला घर.
एकोणीस वर्षांत यावरून भांडण झालेलं नाही.

निशिगंधा, माझी भाची, गोव्यात समुद्राचं शिकते.
चवथीला आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर
अख्खी पृथ्वी उघडली, चौकटी-चौकटींची.
"मामा, हाही ग्राफच. एक घर शंभर किलोमीटरचं."
मी आधी आपलं गाव शोधलं. माणूस तेच करतो.
सापडला तो एक निळसर चौकोन:
त्यात बेळगाव, त्यात खानापूर, त्यातच चंदगड,
आंबोलीची झोडपणी आणि गोकाककडची तहान
एकत्र ढवळून केलेला एकच ढग.
घाट सपाट. शिनोळीचा नाका नाही.
ज्या रेषेपायी माझ्या बापानं
हिंडलग्याच्या तुरुंगात अकरा दिवस काढले
ती त्या घराच्या पोटात कुठंतरी.
ईरण्णा हसला.
मीही हसलो, जरा उशिरा.

मग ती वर गेली, अटलांटिकात.
तिथं म्हणे कोमट पाणी चालत चालत थंडीपर्यंत जातं,
जड होतं, बुडतं,
आणि तळातळानं मागं फिरतं.
"धोट्यासारखं," मी म्हणालो.
"हां, पण एका फेऱ्याला शेकडो वर्षं."
आणि तो धोटा मंदावेल म्हणतात.
वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वरच पसरतं,
बुडायचं ते बुडत नाही.
"किती मंदावेल?"
इथं ती थांबली. चहा गार झाला होता, तो तसाच प्याली.

मोठ्या घरांच्या ग्राफात
किनाऱ्यालगतचा प्रवाह रुंद आणि आळशी,
जेवण झाल्यावरच्या माणसासारखा.
भोवरे नाहीतच. भोवरा घरापेक्षा लहान,
मग काढणार कुठं?
त्याच्या नावानं एक अंदाज भरून टाकायचा,
जसं जाड सुतात मी मोराचा डोळा काढतच नाही
आणि गिऱ्हाइकाला सांगतो, लांबून दिसतो की.

तिनं दुसरा कागद लावला, दहा किलोमीटरच्या घरांचा.
तोच समुद्र, पण आता वळायला लागलेला.
प्रवाह काठाला चिकटला, सुटला, त्याला गाठी पडल्या,
गोडं पाणी कुठल्या कडेनं आत सरकतं
ते बोट ठेवून दाखवता येत होतं.
आणि उत्तर बदललं होतं.
"जास्तीनो, कम्मीनो?" ईरण्णानं विचारलं.
"एका ग्राफात लवकर. एकात सावकाश.
एक अजून चालूच आहे, चार महिने झाले,
त्याला वीज फार लागते."
विजेचं आम्हाला सांगायला नको.

मागं एकदा, स्वस्तात हवा म्हणून, वेलीचा काठ
मोठ्या घरांवर काढून दिला होता.
साडी उलगडली तर वेलीच्या जागी जिना.
वेल तुटली म्हणून त्यानं पैसे कापले.
वेल तुटली नव्हती.
पण हेही खरं,
की बारीक कागदावर चूकसुद्धा बारीक होते,
भिंग घेतल्याशिवाय सापडत नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
माग एकदम थांबत नाही,
दोन-चार फटके मारतो, प्रत्येक जरा लांब,
आणि गल्लीतली बायकामाणसं तेवढ्यावरून ओळखतात
कुणाचा आधी पडला.
"तुझ्या समुद्राचा असा आवाज येतो काय?"
"तोच तर ऐकालोय मामा. घर मोठं पडतंय."

बॅटरीवर, जायच्या आधी, तिनं आमचा चौकोन बारीक केला.
घाट उभा राहिला. आंबोली वेगळी झाली,
गोकाकवरचा ढग विरला.
शिनोळीचा नाका त्यातही नव्हता.
ईरण्णानं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं,
म्हणाला, अजून बारीक कर बघू.